परत आलेले शर्ट

शाळेच्या खरेदीवाल्या सरांनी खिसा फाटलेला शर्ट टेबलावर टाकला आणि ते अण्णांना म्हणाले, "पुढच्या सीझनला हेच झालं तर ऑर्डर दुसरीकडं जाईल. मग मला काही म्हणू नका."

अण्णांचा सोलापुरात सात रस्त्याजवळ शाळेचे युनिफॉर्म शिवायचा छोटा कारखाना आहे. त्यांचा निम्मा धंदा या एकाच शिक्षणसंस्थेवर चालतो. ती ऑर्डर गेली की निम्मी मशिनं बंद आणि तेवढे कारागीर घरी. मी छोट्या कारखान्यांसाठी कपड्याची क्वालिटी तपासायचं काम करते, म्हणून त्यांनी मला सोबत नेलं होतं. खरं सांगायचं तर ढाल म्हणून नेलं होतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "अशी तक्रार आधी आली होती का?"

"येते की दर साली. आपण बदलून देतो."

"आणि परत आलेले शर्ट कुठं जातात?"

"ते आमी बघून घेतो, मॅडम." अण्णांनी गाडीला किक मारली. उडवाउडवी मला सहन होत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरळ त्यांच्या शुक्रवार पेठेतल्या घरी गेले.

पलंगावर शर्टांचा ढीग होता. अण्णांच्या पत्नी, शोभावहिनी, मशीनवर बसून फाटका खिसा उसवून नवा लावत होत्या. हात इतका सफाईदार, की आधी कुठं फाटलं होतं ते मलाही सापडेना.

"हे कारखान्यात का नाही करत?" मी विचारलं.

"कारागिरांना कळंल म्हणतात. ते उद्या दुसऱ्याकडं कामाला जाणार, मग ह्यांचा माल फाटतो म्हणून गावभर बोभाटा." त्यांनी दोरा तोडला. "माझी पाठ लई दुखती, ते मात्र कुणाला दिसंना."

मला अण्णांचा रागच आला. सोलापुरात कारागीर या कारखान्यातून त्या कारखान्यात जातात, हे खरं. पण झाकली मूठ म्हणून त्यांनी जी जपली होती, तिच्यात फाटके खिसेच होते.

संध्याकाळी त्यांना म्हटलं, "हे शर्ट कारखान्यात न्या. दुरुस्त केलेले नकोत, फाटलेलेच न्या."

"अब्रू जाईल की मॅडम."

"ऑर्डर गेल्यावर अब्रू घेऊन काय शिवणार?"

पुढं काही दिवस त्यांनी माझा फोन उचलला नाही. मग एका सकाळी स्वतःच बोलावलं. कटिंगच्या टेबलावर फाटके शर्ट ओळीनं मांडले होते आणि सगळे कारागीर भोवती उभे होते.

खिशाच्या वरच्या कोपऱ्यावर दाट टाका मारतात, त्याला बारटॅक म्हणतात. पोरं खिशात पेन खुपसतात, एकमेकांचा खिसा ओढतात. तो ताण हा टाका सोसतो. इथं टाका शाबूत होता, पण त्याच्या बाजूचं कापड सुटलं होतं. खिशाची कड आत दुमडतात, ती दुमड फारच चिंचोळी होती. टाक्याला धरायला कापडच उरलं नव्हतं.

कापड बेतून कापायचं काम नरसय्या मास्तरांचं. त्यांचा चेहरा उतरला.

"कड मीच कमी केली," ते म्हणाले. "कापड वाचलं म्हणून दसऱ्याच्या पूजेला तुमी सगळ्यांसमोर मला शाल दिली, अण्णा."

"पण मास्तर, दर साली खिसे फाटायलेत."

"ते मला कुणी सांगितलंच न्हाय की."

मला दोघांचंही वाईट वाटलं.

त्यानंतर काम भराभर झालं. मास्तरांनी कड वाढवली. जादा कापड लागू नये म्हणून खिसे बाहीच्या गोलाईजवळच्या तुकड्यातून काढले. तो तुकडा आजवर चिंध्यांत जात होता. शिवणाऱ्या बायकांनी कोपऱ्याला आतून बारीक पट्टी लावायचं सुचवलं. नमुना धुऊन मी तो खिसा जोर लावून ओढला. माझं नख तुटलं, खिसा तुटला नाही.

पुढचा सीझन खिशाच्या तक्रारीविना गेला आणि ऑर्डर टिकली. मग बटणांची तक्रार आली. या वेळी ते शर्ट अण्णांनी घरी नेले नाहीत, थेट कटिंगच्या टेबलावर आणून ठेवले.

छोटे कारखानदार मला नेहमी सांगतात, मॅडम, ट्रेनिंगचा खर्च आम्हाला परवडत नाही. मी म्हणते, माल परत आला म्हणजे फी भरून झालेली असते. वर्गात बसायचं तेवढं राहिलेलं असतं.