औषधाचा वास
शेजारच्या रानात कांद्यावर फवारणी सुरू झाली, की तो उग्र वास ओट्यापर्यंत येतो आणि मला आमच्या मालकांचा, माझ्या नवऱ्याचा, भिजलेला सदरा आठवतो. त्या दिवशी आमच्या रानात फवारताना त्यांच्या पाठीवरचा पंप गळत होता. घरी आल्यावर मी म्हणाले, "आधी साबणानं अंग धुवा." ताटावर बसत ते म्हणाले, "औषध हाय ते, इख न्हाई." दिवस कलताना त्यांच्या तोंडातून लाळ गळू लागली, समोरचं दिसेना. जीपनं मिरजगावला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "विषारी काही अंगात गेलंय का?" मालकांचं बोलणं खरं धरून मी ठाम सांगितलं, "न्हाई." सदऱ्याचा वास डॉक्टरांना आला, तोवर उशीर झाला होता. आता घरात मी एकटीच असते. पुण्याहून मुलगा फोनवर विचारतो, "आई, औषध घेतलंस का?" मी म्हणते, "गोळी घेतली."