परिपत्रकांच्या फोल्डरमधली अकरा मिनिटं

आमच्या घराची प्रायव्हसी मी स्वतःच्या हातांनी, कुणाचीही मदत न घेता, साऱ्या गल्लीत वाटली.

मी लाखनीला एका शाळेत विज्ञान शिकवतो. इंटरनेटवर आपली माहिती कशी जपावी, हेही विद्यार्थ्यांना आणि (ते पळाले की) शिक्षकांना मीच सांगतो. मला कुणी सांगायला सांगितलेलं नाही. 'फुकटातलं ॲप म्हणजे परक्यानं आपल्या घराला पाडलेलं दार' हे माझं वाक्य शाळेत इतकं गाजलं आहे, की मी 'फुकटातलं' म्हटलं की पुढचं पोरंच म्हणतात. घरातल्या दोन्ही फोनच्या कॅमेऱ्यांवर मी काळी टेप चिकटवली होती. आमची मुलगी श्रुती नागपूरला नोकरी करते. तिनं व्हिडिओ कॉल केला की तिला नुसता अंधार दिसायचा आणि त्या अंधारातून आई विचारायची, "जेवली का वं?"

तर श्रुतीचं लग्न जुळलं. स्थळ आणलं शेजारच्या गभणे सरांनी. हे आमच्याच शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरली आणि माझी बायको वंदना म्हणाली, "आपल्या लग्नाची कॅसेट काढा ना बाहेर. आई दिसन मले त्याच्यात."

तिची आई जाऊन सहा वर्षं झाली. फोटो आहेत, पण चालती-बोलती आई फक्त त्या कॅसेटमध्ये. आणि ती कॅसेट मी तीस वर्षं कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या पाठ-टाचणांखाली दडवून ठेवली होती. वंदनानं विचारलं की मी दर वेळी मन लावून शोधायचो आणि ती दर वेळी सापडायची नाही.

कारण सांगतो. सांगायला लाज वाटते, पण आता लपवण्यासारखं काही उरलंही नाही. लग्नात, दिघोरीला सासुरवाडीत, मांडवातल्या पंगतीत मी रुसलो होतो. मित्रांनी चढवलं हे खरं. पण चढलो मीच. 'रंगीत टीव्ही मिळाल्याशिवाय घास उचलणार नाही' असं जाहीर करून मी ताटापुढे अकरा मिनिटं फुगून बसलो, आणि व्हिडिओवाल्यानं ती अकराच्या अकरा मिनिटं झगझगीत लाइट पाडून टिपली. वर आपली कलाही दाखवली. माझं फुगलेलं तोंड बदामाच्या आकारात बसवलं आणि भोवती गुलाबाच्या पाकळ्या उडवल्या! सासूबाई बुंदीचा घास हातात घेऊन माझ्यापुढे वाकलेल्या, मागे सनई चालू. शेवटी मामाजी, म्हणजे माझे सासरे, आत गेले आणि स्वतःच्या घरातला टीव्ही उचलून घेऊन आले. त्यावर सासूबाईंनी विणलेलं क्रोशाचं कव्हर तसंच होतं. सासूबाईंनीच ते काढलं, घडी करून कमरेला खोचलं आणि मला बुंदी भरवली. मी खाल्ली. हसत खाल्ली, असं व्हिडिओत स्पष्ट दिसतं.

पुढे मी शिक्षक झालो, हुंड्याविरुद्ध भाषणं देऊ लागलो. 'मी सासऱ्याकडून सुपारीचं खांडसुद्धा घेतलं नाही' हे श्रुती लहानपणापासून ऐकत आली. तिच्या होणाऱ्या सासऱ्यांनाही मी ते दोनदा ऐकवलं होतं. साक्षगंधाला याच विषयावर दोन शब्द बोलायचं मी ठरवलं होतं. (माझे दोन शब्द साधारण चाळीस मिनिटं चालतात.)

वंदना या वेळी मागे हटेना, म्हणून मी कॅसेट घेऊन भंडाऱ्याला गेलो. दुकानदारानं तिचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर करून दिला आणि भाबडेपणानं विचारलं, इंटरनेटवर टाकून देऊ का, पाहुण्यांना लिंक पाठवता येईल. मी त्याला अर्धा तास प्रायव्हसी समजावली. त्यानं नंतर चहासुद्धा विचारला नाही.

घरी येऊन मी जुन्या कॉम्प्युटरचा होम सर्व्हर केला. म्हणजे घरच्याच एका पेटीत सगळे व्हिडिओ ठेवायचे आणि घरच्याच टीव्हीवर पाहायचे. बाहेरच्या कुठल्या कंपनीचा संबंधच नाही. पेटीला नाव दिलं, 'सरांचं घर – खाजगी'. पासवर्ड ठेवला सोळा अक्षरी. वंदना रिमोटनं एकेक अक्षर शोधत तो टाकायची. दहाव्या अक्षराला कुकरची शिट्टी व्हायची आणि पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या दिवशी तो मलाही आठवेना, तेव्हा मी काढूनच टाकला. घरातल्या घरात कुलूप कशाला, असं वर म्हणालोसुद्धा.

ती अकरा मिनिटं मात्र मी लग्नातून कापून वेगळी केली होती. पुसूनच टाकायची होती, पण बोट पुढे जाईना. कारण साऱ्या कॅसेटमध्ये सासूबाई तोंड भरून दिसतात त्या तेवढ्यातच. बाकी सगळीकडे त्या कामाच्या घाईत. म्हणून तो तुकडा मी 'शाळा परिपत्रके' नावाच्या फोल्डरमध्ये टाकला. आपणहून परिपत्रक उघडणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. (होता. भिंतीपलीकडे राहत होता.)

उरलेलं लग्न वंदनानं डोळे ताणून पाहिलं. "आई कुठं हाय याच्यात? नुसता पदर जातानी दिसते," ती म्हणाली. कॅसेट जुनी आहे, तेवढा भाग खराब झाला, असं मी सांगितलं. ती उठून कणीक मळायला गेली.

त्यानंतर चमत्कारिक गोष्टी घडू लागल्या. किराणा दुकानदार मला साखर मोजून देता देता म्हणाला, टीव्हीवर सध्या चांगली सूट आहे, सर. मी टीव्हीबद्दल अवाक्षर काढलेलं नव्हतं! फोन आपलं बोलणं ऐकतो, याचा हा धडधडीत पुरावा होता. मी त्याच दिवशी फोन तांदळाच्या डब्यात ठेवला. मग समोरच्या घरी बारसं झालं. तिथं मी साखरेमुळे बुंदी नको म्हणालो, तर वाढणारी बाई पदर तोंडाला लावून आत पळाली आणि साऱ्या पंगतीला हसू आवरेना. दोघांनी मला येऊन समजावलं, रुसू नका सर. शेवटी गभणे सर भेटले. तुमचं परिपत्रक फार छान आहे, म्हणाले. मी विचारलं कोणतं, तर म्हणाले, "अकरा मिनिटांचं." निवृत्त माणूस परिपत्रकं घड्याळ लावून वाचत असेल, असं मी समजलो आणि मला त्यांची दयाच आली.

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी दुपारी सतरंज्या मागायला मी त्यांच्या घरी गेलो. मामाजी दिघोरीहून चार दिवस आधीच आले होते आणि रोज जेवण झालं की गभणे सरांकडे चहाला जात होते. मी दार लोटलं. समोर टीव्हीवर, बदामाच्या आकारात, पाकळ्यांच्या वर्षावात, माझं तोंड होतं.

"या सर, आत्ताच सुरू झालं," गभणे सर म्हणाले.

गल्लीतली दहा-बारा माणसं बसली होती. पुढच्या खुर्चीवर मामाजी. त्यांच्या शेजारी वंदना. गभणे सरांनी मला शांतपणे समजावलं, की गल्लीतल्या साऱ्या घरांचं इंटरनेट कोपऱ्यावरच्या एकाच डब्यातून येतं, त्यामुळे माझी पेटी पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या टीव्हीवर दिसत होती. नावापुढे 'खाजगी' होतं म्हणून पासवर्ड निघताच सगळ्यांनी आधी तीच उघडली. परिपत्रकांचं फोल्डर तेवढं कुणी उघडलं नव्हतं, ते त्यांनी उघडलं.

मी वंदनाकडे पाहिलं. घरी टीव्ही असताना ती इथं येऊन का बसली, एवढंच मला विचारता आलं.

"घरी पाह्यलं असतं तं तुमाले समजलं असतं," ती म्हणाली. "मंग तुमची प्रायव्हसी कुठं राह्यली असती?"

मामाजींची माफी मागावी म्हणून मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो, पण ते माझ्या कमरेच्या बाजूनं मान काढून पाहत होते.

"जवाईबापू, जरा सरका," ते म्हणाले. "तुमी मंधात उभे झाले, तुमची सासू दिसून नाही राह्यली."

मी सरकलो. टीव्हीवर सासूबाई कव्हराची घडी करत होत्या. माझा आवाज घरभर घुमत होता आणि खोलीतलं एकही माणूस माझ्याकडे पाहत नव्हतं, ना इथल्या, ना टीव्हीतल्या. मग मीही खाली बसलो आणि शेवटपर्यंत पाहिलं. मला इतकं वाईट वाटलं, की सतरंज्या तिथंच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी साक्षगंधात गभणे सरांनी माइकवर जाहीर केलं, की आता सर दोन शब्द बोलतील. मी उभा राहिलो. पाठ केलेलं भाषण खिशातच ठेवलं आणि छातीवर दगड ठेवून बोललो, की मी खोटं सांगत आलो. मी रंगीत टीव्हीसाठी रुसलो होतो आणि मामाजींच्या घरातला होता तो टीव्ही घेऊन आलो. आता मांडव कोसळणार, सोयरीक मोडणार, म्हणून मी डोळे मिटले.

काही झालं नाही. नवरदेवाचे वडील पान लावत होते.

"मालूम हाय ना सर," ते म्हणाले. "आमी मागच्या हप्त्यातच गभणे सरांकडं बसून पाह्यलं. तुमी आता जेवाले बसा. लई झालं रुसणं."

मांडवभर हशा पिकला. श्रुती मात्र हसली नाही. माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, आजोबांचा टीव्ही वापस करा."

पंगतीत नवरदेवानं पहिल्याच हाकेला घास घेतला. माझ्या ताटातली बुंदी तशीच राहिली.

पुढच्या रविवारी आमचा भिंतीवरचा मोठा टीव्ही मी दिघोरीला नेऊन मामाजींच्या खोलीत लावला. त्यांनी ट्रंकेतून क्रोशाचं कव्हर काढलं. त्यानं टीव्हीचा एक कोपराच झाकला, तरी त्यांनी ते नीट बसवलं. श्रुतीनं लाखनीच्या पेटीतलं सगळं दिघोरीला दिसेल अशी सोय केली आणि या वेळी पासवर्ड ठेवला. तो मामाजींना माहीत आहे, वंदनाला माहीत आहे, आणि परिपत्रकाचा मामला असल्यामुळे गभणे सरांना रीतसर कळवलेला आहे.

मला सांगितलेला नाही. मागितला, तर वंदना म्हणाली, "तुमाले काहून पाहिजे? खाजगी हाय ते."

मी दोन दिवस रुसून पाहिलं. या वेळी कुणी बुंदी घेऊन आलं नाही.