मामाच्या खिळ्यावरची रबरं

माझा मामा गाड्या दुरुस्त करतो आणि मेलेला पार्ट कशानं मेला हे कळेपर्यंत तो फेकत नाही. स्वतःच्या जुन्या गाडीची दोन फाटकी रबरं त्यानं स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगली होती. गिअरबॉक्सला मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याशी जोडणारं हे जाड रबरी कडं. ते फाटलं की गिअर टाकताच गाडी खालून दणका देते.

तिसरं आणलं तेव्हा मामी म्हणाली, "हेही फाटलं तर गाडी विकायची. गिऱ्हाईक तयार आहे."

"हल्ली मालच हलका येतो गं."

"हो, अंगणच वाकडं." मामीनं दोन्ही रबरं उतरवून उजेडात धरली. "अहो, चिरा फक्त बोल्टांच्या भोकांपाशीच कशा? आणि सगळ्या एकाच दिशेला, पिळलेल्या फडक्यासारख्या. तुम्ही बोल्ट फिरवता का?"

"मग काय करू? नट अडचणीत आहे. तो पान्यात धरतो नि बोल्ट फिरवतो."

"म्हणजे बोल्टाबरोबर रबरही पिळतं."

मामानं चिरांवरून बोट फिरवलं. "नट फिरवायचा तर त्या अडचणीत दोन्ही हात घालावे लागतील. बोल्ट धरायला दुसरं माणूस लागेल."

"मी काय शोभेला आहे?"

दोघं गाडीखाली शिरली. मामीनं बोल्ट धरला, मामानं नट आवळले.

याला दोन वर्षं झाली. खिळ्याला आता मामीची पिशवी असते. गिऱ्हाईक अधूनमधून विचारतं, तेव्हा मामी सांगते, "काय करू, रबर फाटायचं नावच घेत नाही."