सातव्या पानावरची ओळ

मी इंदूरच्या एका कॉलेजात मानवाधिकार कायदा शिकवते. माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते त्याच्या परवानगीशिवाय कुणी बघू नये, हे मुलांना सांगताना माझा आवाज चांगलाच चढतो. मुलं टाळ्याही वाजवतात. त्या टाळ्यांची आता मला लाज वाटते.

आमच्याकडे एथिक्स कमिटी आहे. माणसांवर कुठलंही संशोधन करायचं तर तिची मंजुरी लागते. त्यात डॉक्टर, प्राध्यापक आणि कायद्याची म्हणून मी. फाइल कचोरीच्या बशांमधून हातोहात फिरते आणि चहा गार व्हायच्या आत सह्या होतात. त्या दिवशीची फाइल देपालपूर रस्त्यावरच्या एका पॅकिंग कारखान्याची होती. मशीनवर काम करणाऱ्या बायकांच्या कपाळाला पट्टा बांधायचा, मेंदूच्या लहरी टिपायच्या आणि थकवा कधी येतो ते शोधायचं. सातव्या पानावर एक ओळ होती: मिळालेली माहिती सहकार्य करणाऱ्या संस्थेला देता येईल. सहकार्य करणारी संस्था म्हणजे तो कारखानाच. मी तिथे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह केलं. अध्यक्ष म्हणाले, अरे मॅडम, एवढ्यासाठी पूरी फाइल अटकवणार का? मी निमूटपणे खोडरबर मागितलं. कुणी धमकी दिली नव्हती, बरं का. मला फक्त किरकिरी बाई म्हणवून घ्यायचं नव्हतं.

वर आणखी एक शहाणपणा केला. त्या कारखान्यात बऱ्याच बायका मराठी होत्या, संस्थानाच्या फौजेबरोबर कधीकाळी इथे आलेल्या घरांतल्या. मी साताऱ्याहून आले त्याला आठ वर्षं झाली. या शहरात मराठी कानावर पडलं की समोरच्याचा चेहरा खुलतो, आपल्याकडच्या का, असं विचारतात आणि पुढे काही विचारत नाहीत. म्हणून तर संमतीचा फॉर्म समजावून सांगायला मलाच पाठवलं. हे मला कळत होतं, तरी मी मिरवत गेले.

सगळ्यांच्या सह्या झाल्यावर एक बाई मागे थांबली. चाळिशीची, लालबाग राजवाड्याच्या पलीकडे राहणारी, कटिंग मशीन चालवणारी. आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, याने डोक्याची बीमारी वगैरे तर नाही ना पता लागत? सच सांगा."

"नाही हो," मी म्हटलं. "फक्त थकवा कळतो. आणि तुमचं नाव कुठे जात नाही."

तुम्ही आपल्या आहात म्हणून करते, असं म्हणून तिनं सही केली. सातव्या पानावरची ओळ मी तिला सांगितलीच नाही. विसरले नव्हते. ती ऐकली असती तर एकीनंही सही केली नसती, म्हणून गाळली.

दोन महिन्यांनी ती माझ्या कॉलेजात आली. तिच्या लहरींत काहीतरी वेगळं दिसलं होतं आणि संशोधकांनी ते काळजीपोटी मॅनेजरला कळवलं होतं. तिला लहानपणापासून फिट्स यायच्या. गोळ्या चालू होत्या, कित्येक वर्षांत एकही आली नव्हती, कारखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं. आता तिला मशीनवरून काढून लेबलं चिकटवायला बसवलं होतं. सुपरवायझरनं सगळ्यांदेखत डोक्याचं सर्टिफिकेट मागितलं होतं, जेवताना बायका डबा उचलून दुसरीकडे बसत होत्या. हे सगळं तिनं कोरड्या डोळ्यांनी सांगितलं. रडले मी, आणि पाणी तिनं दिलं. काय म्हणावं या कर्माला!

मग मी मानवाधिकार आयोगाकडे द्यायचा अर्ज लिहायला घेतला. चार पानं, हिंदीत. खाजगीपणाचा हक्क, माणसाची प्रतिष्ठा, संविधानाचं कलम, मनाच्या एकांताबद्दल जगभर चाललेली चर्चा, सगळं घातलं. खरं सांगते, लिहिताना मी स्वतःवर खूश होते. रविवारी ती घरी आली. ओळीखाली बोट धरून तिनं चारही पानं वाचली.

"ताई, यात तुम्ही कुठे आहात?"

मला कळलंच नाही असं मी दाखवलं. तिनं तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं, संबंधित व्यक्तीने अपूर्ण माहिती दिली. ही संबंधित व्यक्ती कोण, असं तिनं शांतपणे विचारलं. मी म्हणाले की माझं नाव घातलं तर केस कमजोर होईल. धडधडीत खोटं. तिची संमती खोटं सांगून मिळवली हे छातीठोक सांगू शकणारी एकच साक्षीदार होती, ती म्हणजे मी. आठवीपर्यंत शिकलेल्या त्या बाईला हे कळत होतं, आणि कायदा शिकवणारी मी तिच्या तोंडावर थापा मारत होते.

ती चिडली नाही. "माझी बीमारी तर पूर्ण कारखान्याला माहीत झाली," ती म्हणाली. "तुम्हाला फक्त नाव लिहायचंय."

मी नाव लिहिलं, पद लिहिलं आणि खाली लिहिलं की ती ओळ मला माहीत होती आणि मी ती मुद्दाम सांगितली नाही. या एका वाक्याला चार पानांहून जास्त वेळ लागला. तोवर ती समोर बसून होती.

अर्ज देऊन पाच महिने झाले, आयोगाचं उत्तर नाही. मला कमिटीतून काढलेलं नाही, फक्त बैठकीला बोलावत नाहीत. ती अजून लेबलंच चिकटवते आहे.