मामांच्या खुर्चीला चोर मिळेना

माझ्या मामांकडे एका घडीच्या खुर्चीचं पेटंट होतं, आणि वीस वर्षांत ती खुर्ची कुणीही चोरली नाही. लोकांना चोरीचा त्रास होतो; आमच्या मामांना चोर न आल्याचा झाला.

मामा सुतार. दुकान म्हणजे एक लांबट खोली, पुढे काम आणि मागे भुसा. तरुणपणी घडीची खुर्ची मिटताना त्यांचं बोट दोन पट्ट्यांमध्ये चिमटलं. दुसरा कुणी दोन शिव्या घालून बोट चोखत बसला असता. मामांनी दोन्ही केलं आणि वर त्या पट्ट्यांमध्ये एक लाकडी अडसर बसवला. आता खुर्ची मिटली तरी बोटभर फट राहायची. बोट वाचलं, पण खुर्ची धड मिटेना. उघडी असताना जेवढी जागा अडवायची, जवळजवळ तेवढीच मिटल्यावरही अडवायची. "मिटली की रुसून बसल्यासारखी दिसते," असं मामी म्हणायची.

पेटंटच्या कार्यालयाला मात्र रुसव्याफुगव्यांशी घेणंदेणं नव्हतं. त्यांचे प्रश्न तीनच. हे आधी कुणी केलंय का? या धंद्यातल्या कुणालाही सहज सुचलं असतं का? आणि हे बनवून वापरता येतं का? तिन्हींत मामा पास झाले. कागद हातात आला तसे ते छाती फुगवून म्हणाले, "आता ही खुर्ची बनवायचा हक्क मला मिळाला."

त्यांचा अर्ज लिहून देणाऱ्या वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "बनवत तर तुम्ही आधीही होताच की. पेटंट मिळालं म्हणजे दुसऱ्याला रोखायचा हक्क मिळाला. तुमच्या परवानगीशिवाय कुणी ती बनवली, वापरली, विकली किंवा बाहेरून आणली, तर कोर्टात जाता येईल. तेही वीस वर्षं, याच देशात, आणि दर वर्षी फी भरलीत तर."

एवढ्या बोलण्यातला एकच शब्द मामांनी घरी आणला, तो म्हणजे रोखणं. ते रोखायला कंबर कसून बसले, आणि त्यांच्या खुर्चीला कुत्रंही विचारेना.

कुठेही गेलं तरी मामा आधी खुर्च्या उलट्या करून बघायचे. एका सभागृहात त्यांनी खुर्ची उचलून बघितली तेव्हा तिच्यावर एक आजोबा बसायच्या बेतात होते. ते थेट जमिनीवर बसले. एकदा दातांच्या डॉक्टरकडे अर्धवट मिटणारी खुर्ची दिसली, तर दुखरी दाढ विसरून मामा गरजले, "मालक कोण आहे हिचा?" डॉक्टर बाहेर आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "गंज धरलाय हो." मग त्यांनी तेलाचे दोन थेंब सोडले आणि खुर्ची मुकाट मिटली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची वेळ आली होती. मामा तसेच घरी परतले, आणि दाढ दुखतच राहिली.

त्यांची पत्रं मी टाइप करायचे. चोराला पाठवायची नोटीस मी कॉलेजात असतानाच तयार झाली होती. फक्त नावाची जागा रिकामी होती.

मुदत संपायला आठवडा उरला तेव्हा मामांनी जेवण कमी केलं. "एकाने तरी नक्कल करायला हवी होती गं," ते मला म्हणाले. "चोरावीशी वाटण्याइतकीही ती बरी नव्हती, असाच याचा अर्थ ना?" मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

शेवटी मामीनेच चोर गाठला. शेजारचा गादीवाला भला माणूस. मामीने त्याला पढवलं, की गुपचूप एक खुर्ची बनव, विकायला दारात ठेव, यांना नोटीस देऊ दे, मग माफी माग. तो तयार झाला. पण गुरुवारी सकाळी अर्धवट खुर्ची खांद्यावर टाकून तो मामांच्याच दुकानात हजर.

"मामा, हा अडसर नेमका कुठे बसवायचा हो? मला काही जमत नाहीये."

मामांना वाकडं काम बघवत नाही. त्यांनी पटाशी घेतली, खाच केली, अडसर ठोकून दिला, वर पॉलिशही सुचवलं. तो गेल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी धावत जाऊन वकीलबाईंना फोन लावला.

"पेटंटवाल्याने स्वतःच बसवून दिल्यावर त्याला उल्लंघन म्हणत नाहीत," बाई म्हणाल्या. "त्याला मदत म्हणतात."

शुक्रवारी मुदत संपली. आता ती खुर्ची सगळ्या जगाची झाली होती. "जगाला कळवायचं का?" मामीने विचारलं, आणि मामांचा चेहरा बघून पानं वाढायला घेतली.

सोमवारी मी दुकानात असताना एक बाई आल्या. हातात बालवाडीतली चिमुकली घडीची खुर्ची.

"बोट न चिमटणारी खुर्ची तुमचीच ना?"

"शुक्रवारपर्यंत होती," मामा म्हणाले.

"म्हणजे आता मी बनवली तर चालेल? सहा वर्षं थांबलेय."

मामांनी रंधा खाली ठेवला. "कशासाठी?"

"माझ्या बालवाडीत मुलं आपापल्या खुर्च्या स्वतः मिटतात, आणि बोटं चिमटतात. पेटंटचे कागद वाचायला सगळ्यांना खुले असतात, त्यांत तुमचं चित्र सापडलं. करायला सोपं होतं. पण हक्क तुमचा होता."

"मग यायचं, विचारायचं."

"आले होते. तुम्ही या मॅडमना पत्र सांगत होता. पहिला जो सापडेल त्याला कोर्टात असा खेचेन की बाकीचे बघूनच शहाणे होतील, म्हणालात. मी दारातूनच परत गेले."

म्हणजे मामांच्या हक्काने सहा वर्षं आपलं काम चोख केलं होतं. ज्याची एवढी वाट बघितली तो माणूस खरोखरच होता, आणि खरोखरच रोखला गेला होता. मला वाटलं, आता मामा खुलतील.

"सहा वर्षांत किती बोटं चिमटली?" त्यांनी विचारलं.

"मोजली नाहीत. बँडेजपट्ट्यांचं खोकं दर महिन्याला आणावं लागतं."

मामांनी बाईंच्या हातातली खुर्ची घेतली. "मी फुकट बनवून दिल्या असत्या हो," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. ती पत्रं मीच टाइप केली होती, त्यामुळे मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बराच वेळ ते ती चिमुकली खुर्ची उघडत होते, मिटत होते. मग एकदम त्यांनी कानावरची पेन्सिल काढली.

"अडसर सरळ नकोच. असा तिरका कापायचा. बोट आलं की बाहेर सरकतं, आणि खुर्ची पूर्ण मिटते."

मी त्यांचा हात धरला. "मामा, थांबा. हे नवीन आहे. अर्ज करायच्या आधी लोकांना दाखवलंत तर ते नवीन राहणार नाही. मग पेटंट विसरा."

"मला शिकवतेस?" मामा म्हणाले, आणि बाईंकडे वळले. "वही आहे का तुमच्याकडे?"

बाईंच्या वहीत त्यांनी अडसर काढला, पुढून, मागून, बाजूने, आणि प्रत्येक रेघेशी माप लिहिलं.

"तुमच्या ओळखीत आणखी बालवाड्या असतील, त्यांनाही हे चित्र द्या," वही परत करताना ते म्हणाले. "आणि त्यांना सांगा, मला विचारायला येऊ नका."