लग्नातले निळे बूट

कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझी एक भिंत बुटांची आहे. सगळे एकाच मॉडेलचे. कधीकाळी बास्केटबॉल खेळणाऱ्यांसाठी निघालेला साधा बूट. कंपनी अधूनमधून त्याचे नवे रंग काढते आणि मी घेते. मी सरकारी नोकरीत आहे, पन्नाशी ओलांडली आहे, आणि हे पोरांचे नाद आहेत असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलंय.

यंदा गडद निळा येणार कळल्यावर मी रजा टाकली. आमच्या घरात निळा हा नुसता रंग नाही. दुकानाबाहेर कॉलेजच्या मुलांची रांग होती. दारावरच्या तरुणाने अदबीने विचारलं, "काकू, मुलासाठी का?"

"नाही, माझ्यासाठी. पाच नंबर."

जोडी मिळाली. तिथेच बसून लेस बांधायला लागले, तसा शेजारचा मुलगा कळवळला. "मॅडम, घालू नका! डब्यातच ठेवा. आम्ही तर हातही लावत नाही."

"मग काय, उदबत्ती लावता का?" म्हटलं आणि तेच घालून थेट बिबवेवाडीला वडिलांकडे गेले.

वडिलांनी मार्केट यार्डात आयुष्यभर हमाली केली. त्यांनी बुटावरून बोट फिरवलं. "रंग चांगलाय," म्हणाले. मग सांगू लागले, "माझा बाप गावात वरच्या आळीतून जाताना वहाणा काढून काखेत धरायचा. मी मागं चालायचो. कुणी काही बोलायचंसुद्धा नाही, तरी काढायचा."

पुढच्या आठवड्यात भाचीचं लग्न होतं, भावाच्या मुलीचं. वहिनीचा फोन आला. "ताई, ते बूट नका हं घालू. मुलाकडची माणसं मोठ्या हुद्द्यांवरची आहेत. काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते मलाच म्हणतील. तुम्ही काळजी करू नका."

पांढरी साडी नेसले आणि निळे बूट घातले. कार्यालयात बुद्धमूर्तीला फुलं वाहायला गेले तेव्हा पायरीशी बूट काढले, वंदना झाली, परत घातले. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत नवऱ्या मुलाचे काका बसले होते, निवृत्त अधिकारी. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "तिकडे काढलेच होते, तर तसंच राहायचं. चारचौघांत बरं दिसतं का हे?"

"तिथे मनापासून काढले," मी म्हटलं. "चारचौघांसाठी नाही काढणार."

ते पुढे काही बोलणार, तेवढ्यात वडील काठी टेकत माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "साहेब, आमच्या घरात ते काढणं माझ्या बापाबरोबर संपलं," इतकंच म्हणाले. काकांनी सरकून वडिलांना शेजारची खुर्ची दिली. माझ्याशी मात्र जेवतानाही बोलले नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

वहिनीने अल्बममध्ये माझे सगळे फोटो गुडघ्यापर्यंत कापून घेतले. मी फोटोग्राफरला सांगून एक पूर्ण उंचीचा मोठा करून घेतला. तो वडिलांनी बिबवेवाडीच्या घरी दारासमोर लावलाय. आल्यागेल्याला दाखवतात, "ही माझी मुलगी. जरा खाली बघा, खाली."