मागे जायचं बटण

धाकटी बहीण कर्जतच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला क्विक सॉर्ट, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावायची एक रीत, शिकवायला मी मुद्दाम सुट्टी काढून कडावला घरी आले होते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, तेव्हा हे काम माझंच, असं मी धरून चालले होते.

ती पडवीत मोबाईल घेऊन बसली होती. एका वेबसाइटवर रंगीत पट्ट्या उंचीप्रमाणे जागा बदलत होत्या. एखादी पायरी कळली नाही की ती एक बटण दाबायची आणि पट्ट्या एक पायरी मागे यायच्या.

"ताई, कळलं गं! सोपं हाय."

"इतक्यात?"

"कितीदा तरी मागं नेलं की. मोबाईल थोडाच वरडतो?"

माझ्या पोटात दुखलं. माझ्या कॉलेजात हीच रीत शिकवताना आमचे सर फळ्यावरचे आकडे पुसून तिथेच नवे लिहीत. वहीत उतरवायला मान खाली घातली की मधली पायरी गेलेली असायची. सर मनापासून शिकवत, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण "सर, पुन्हा एकदा" म्हणायची माझी हिंमत कधी झाली नाही. परीक्षेला मी तो प्रोग्राम नुसता पाठ केला होता.

"सरक," म्हणत मी तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि तेच बटण दाबत राहिले. मागे, पुढे, पुन्हा मागे.

"ताई, दे ना गं आता! अभ्यास माझा हाय."

मी दिला नाही.